डोंगरातली मुलींची शाळा: या चुका टाळा

हिंदुकुश, काराकोरम, हिमालय, ॲटलास. डोंगर वेगळे, भाषा वेगळ्या, पण दुर्गम खोऱ्यात मुलींची शाळा सुरू करायला निघालेली माणसं चुका मात्र त्याच त्या करतात. शाळा बंद पडली की कारण म्हणून पैशाचं किंवा गावाच्या जुन्या विचारांचं नाव पुढे येतं. खोलात गेलं तर मूळ चूक पहिल्या दोन महिन्यांतच झालेली सापडते, आणि ती बहुतेक वेळा बाहेरून आलेल्या माणसाच्या घाईची असते. जी चूक जास्त नुकसान करते तिच्यावर इथे जास्त लिहिलं आहे. बाकीच्या ओळी-दोन ओळींत उरकल्या आहेत.

आधी इमारत बांधणं

आधी कळस मग पाया, असा हा प्रकार. उन्हाळ्यात माणूस खोऱ्यात जातो, गावातल्या वजनदार माणसाला भेटतो, जागा मिळते, देणगीदाराला फोटो हवा असतो म्हणून लगेच पाया खणला जातो. शिकवणार कोण, मुली कुठल्या वस्त्यांतून येणार, पाचवीनंतर काय, हे प्रश्न छपराच्या नंतर.

आधी नुसता हिशोब करा. सहा बाय पाच मीटरची एक खोली आणि तिच्यावर साडेबारा सेंटिमीटरचा स्लॅब धरा. पावणेचार घनमीटर काँक्रीट होतं. त्याला सुमारे ३० पोती सिमेंट, दीड घनमीटरच्या वर वाळू, तीन घनमीटरच्या वर खडी, आणि सळई वेगळी. गाडीरस्ता संपला की खेचरावर एका फेरीत पन्नास किलोची दोन पोती जातात, म्हणजे नुसत्या सिमेंटच्या पंधरा फेऱ्या. अडीच हजार मीटरच्या वर बांधकामाचे दिवस साधारण मे ते सप्टेंबर. ताज्या काँक्रीटमधलं पाणी पहिल्या रात्रीच गोठलं तर ते काँक्रीट पुढे कधीच पुरती ताकद धरत नाही, म्हणून तापमान पाच अंशांच्या खाली जायची शक्यता असेल तर ओतायचंच नाही. शिवाय निदान सात दिवस पाणी मारावं लागतं, आणि ते पाणी ओढ्यावरून कोणीतरी पाठीवर आणायचं असतं. ‘यंदाच उद्घाटन’ म्हणून सप्टेंबरच्या अखेरीस ओतलेला स्लॅब हा घाईचा सगळ्यात धोकादायक नमुना आहे.

धोकादायक हा शब्द जपूनच वापरतो आहे. तेवढ्या स्लॅबचं वजन नऊ टनांच्या वर जातं. मातीच्या गाऱ्यात रचलेल्या गोल दगडांच्या भिंतीवर ते ठेवलं तर धक्का बसल्यावर काय होतं, ते ८ ऑक्टोबर २००५ ला दिसलं. शनिवार होता, सकाळचे नऊ वाजायला दहाएक मिनिटं कमी होती, मुलं वर्गात बसलेली होती. ७.६ तीव्रतेच्या त्या भूकंपात पाकव्याप्त काश्मीर आणि तेव्हाच्या सरहद्द प्रांतात हजारो शाळा कोसळल्या आणि सतरा हजारांहून अधिक विद्यार्थी दगावले. भिंती कच्च्या, छप्पर जड, आणि दोघांना एकत्र बांधणारं काहीच नाही: ठिकठिकाणी हाच दोष होता. मुलींच्या शाळेसाठी हा मुद्दा दुप्पट मोलाचा. मुलगी शाळेत सुरक्षित राहील, असा शब्द आपण तिच्या बापाला दिलेला असतो.

बांधायचंच असेल तर छप्पर हलकं ठेवा. तेवढ्याच खोलीला उतरतं पत्र्याचं छप्पर घातलं तर पत्रे दोनशे किलोच्या आसपास भरतात, लाकडी कैच्या धरूनही टन-दीड टनाच्या आत काम होतं. उतार निदान तीस अंशांचा हवा, म्हणजे बर्फ साचत नाही. दार मात्र पत्र्याच्या उताराखाली नको, त्रिकोणी भिंतीच्या बाजूला ठेवा. नाहीतर छपरावरून घसरलेला बर्फ थेट उंबऱ्यात येऊन पडतो. दगडी भिंत ४५ सेंटिमीटरपेक्षा जाड करून ताकद वाढत नाही, उलट तिच्या दोन बाजू एकमेकींपासून सुटतात. ते टाळायला भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड दर साठ सेंटिमीटर उंचीला आणि आडव्या अंगाने दर एक मीटर वीसला घालायचा. जोत्याला, दारा-खिडक्यांच्या माथ्याला आणि छपराखाली असे तीन पट्टे, सळईच्या काँक्रीटचे किंवा लाकडाचे, सलग चारही भिंतींवरून फिरवायचे. गवंडी म्हणेल, एवढं कशाला. त्याच्याशी वाद घाला. तिथे माघार घेऊ नका.

पण माझं खरं म्हणणं असं की पहिली दोन वर्षं बांधूच नका. शिक्षिका नसलेली इमारत रिकामी राहत नाही. तिथे कोणाचे तरी पाहुणे उतरतात, कोणाचा तरी चारा साठतो. पाकिस्तानात अशा शाळांसाठी ‘घोस्ट स्कूल’ हा शब्दच रूढ आहे: कागदावर शाळा, जागेवर गोठा किंवा बैठक. एकदा का ती जागा गावातल्या बड्या माणसाच्या वापरात गेली की परत मिळवताना जेवढं वैर ओढवतं, तेवढ्यात दुसऱ्या तीन वस्त्यांत वर्ग उभे राहिले असते.

सुरुवातीला घरातली एक खोली पुरते. मोजमाप साधं ठेवा. माणशी एक चौरस मीटर, म्हणजे पंचवीस-तीस मुलींना तीस चौरस मीटर. दार गल्लीकडे किंवा बायकांच्या अंगणाकडे उघडणारं हवं, पुरुषांच्या बैठकीतून जावं लागणारं नको. दक्षिणेची खिडकी असेल तर हिवाळ्यात सरपण वाचतं. खिडकीचा उंबरा आतून जमिनीपासून सव्वा ते दीड मीटरवर ठेवा, म्हणजे उजेड येतो पण वाटेवरच्या माणसाला आतलं दिसत नाही. शेगडीचं धुराडं छपराच्या वर काढा आणि दरवर्षी पहिल्या थंडीआधी झाडून घ्या. बंद खोलीत तीस मुली आणि तुंबलेलं धुराडं म्हणजे जिवाशी खेळ.

नकाशावर अंतर मोजणं

ही माझ्या दृष्टीने सगळ्यात महाग चूक. चार गावांच्या मधोमध एक ‘चांगली’ शाळा काढली की चारही गावांतल्या मुली येतील, हा हिशोब कागदावर सुंदर दिसतो. एक इमारत, एकच कर्मचारीवर्ग, तपासायला सोपी. मुलांच्या बाबतीत तो थोडाफार चालतोही. मुलींच्या बाबतीत कोसळतो.

याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा अफगाणिस्तानातल्या घोर प्रांतातून आला. मध्य अफगाणिस्तानातला हा डोंगराळ, गरीब, वाटा बिकट असलेला मुलूख. २००७ मध्ये तिथल्या ३१ गावांपैकी १३ गावांत, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून, आधी वर्ग सुरू केले. बाकीच्या गावांतल्या मुलांना दूरच्या सरकारी शाळेत चालत जावं लागत होतं. नव्या वर्गांसाठी इमारती बांधल्या नाहीत. मशिदीत किंवा कोणाच्या तरी घरात वर्ग भरले, शिकवणारी माणसं त्याच परिसरातली. वर्षाच्या आत गावात वर्ग असलेल्या ठिकाणी शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण ५२ टक्के बिंदूंनी (म्हणजे शंभर मुलींमागे आणखी ५२) वाढलं आणि मुलांचं ३५ नी. मुलगा-मुलगी ही दरी, जी मिटायला पिढ्या लागतील असं सगळे धरून चालले होते, ती पट नोंदणीपुरती जवळजवळ नाहीशी झाली. परीक्षेतले गुणही वाढले, मुलींचे जास्त.

त्याच अभ्यासातला दुसरा आकडा मी नव्या कार्यकर्त्याला पाठच करायला लावतो. शाळा एक मैल लांब गेली की मुलांची पट नोंदणी सुमारे १३ टक्के बिंदूंनी घसरते आणि मुलींची १९ नी. मैल म्हणजे दीड किलोमीटरच्या थोडं वर. बाहेरच्या माणसाला हे अंतर म्हणजे सकाळचा फेरफटका वाटतो. त्याच बापांनी दारात वर्ग आल्यावर मुली पाठवल्या. म्हणजे ‘इथल्या लोकांना मुली शिकवायच्याच नाहीत’ हे वाक्य अनेक ठिकाणी चुकीचं निदान असतं. त्यांचा आक्षेप शाळेला नसतो, वाटेला असतो.

म्हणून वाट चाला. नकाशा नको, मोबाइलवरचं अंतर नको, जीप तर नकोच. नऊ वर्षांच्या मुलीच्या चालीने, शाळेच्या वेळेला, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा फेब्रुवारीत. सोबत गावातली एखादी पोक्त बाई असू द्या, कारण तिला जे दिसतं ते पुरुषाला दिसत नाही. वहीत हे टिपायचं: वाटेत किती कुत्री सुटी असतात आणि कोणाची. ओढ्यावरचा ओंडका मे महिन्यात, बर्फ वितळताना, पाण्याखाली जातो का. जिथे पुरुष सकाळी उन्हाला बसतात तो कट्टा वाटेला लागतो का. कोणाच्या बागेतून जावं लागतं आणि त्या घराशी वाकडं असलेली घरं कुठली. कुठल्या वळणावर पुढचा-मागचा कोणीच दिसत नाही. दरडीचा किंवा हिमकड्याचा पट्टा किती पावलांचा आहे.

एवढं टिपलं की उपाय आपोआप सुचतात, आणि ते बहुधा स्वस्त असतात. ओंडक्याला दोन्ही बाजूंना हाताला धरायला दोर. कट्टा टाळणारी वरची पाऊलवाट रुंद करणं. शाळा पुरुषांच्या बसण्याच्या वेळेआधी भरवणं. तीन-चार वस्त्यांतल्या मुलींना एकत्र आणून सोडणारी एक बाई, महिन्याच्या पगारावर. हा पगार कधीही कापू नका. हिशोब बघणाऱ्याला तो फुकटचा खर्च वाटतो, पण ती बाई गेली की आठवड्यात पट अर्धा होतो. आणि एवढं करूनही वाट अर्ध्या तासाच्या वर जात असेल तर त्या वस्तीला वेगळा वर्ग द्या. बारा मुलींचा का असेना.

शिक्षिकेचा शोध शेवटी घेणं

गावाला बाई शिक्षिका हवी असते. गावात शिकलेली बाई नसते, कारण शाळाच नव्हती. बाहेरून पदवीधर मुलगी आणली तर ती राहणार कुठे, तिच्या घरचं सोबत कोण, आजारी पडली तर काय, हे प्रश्न उभे राहतात, आणि बहुतेक जणी पहिला हिवाळा बघून परततात. तिला दोष देण्यात अर्थ नाही.

उपाय हळू आहे आणि हळूच राहणार. आठवी किंवा दहावी झालेली त्याच खोऱ्यातली सून किंवा मुलगी शोधा. पदवीचा आग्रह धरू नका. तिला दुसरीच्या पुस्तकातला एक परिच्छेद वाचायला द्या, हातच्याची वजाबाकी करून दाखवायला सांगा, आणि पाच मुलींना वीस मिनिटं काहीतरी शिकवायला लावा. या तीन गोष्टींतून जे कळतं ते प्रमाणपत्रातून कळत नाही. मग वर्ग सुरू होण्याआधी तीन आठवडे प्रशिक्षण आणि नंतर दर दोन महिन्यांनी दोन-तीन दिवस. एकदाच महिनाभर शिकवून पाठवून देणं म्हणजे बी पेरून पाणी न घालणं. अशी बाई मिळालीच नाही, तर गावाचा विश्वास असलेला वयस्क शिक्षक आणि वर्गात कायम बसणारी एक मदतनीस बाई, ही जोडी बऱ्याच ठिकाणी मान्य होते. ते गावालाच ठरवू द्या.

एकीवर थांबू नका. सुरुवातीपासून दोघी तयार करा, एक मुख्य आणि एक मदतनीस. लग्न होऊन जाणं, बाळंतपण, सासूचं आजारपण, यांतलं काहीतरी होणारच. तान्हं मूल वर्गात आणायची मुभा लेखी द्या, म्हणजे तपासणीला येणारा कोणी त्यावरून तिला बोलणार नाही. आणि तिला कामावर ठेवताना तिच्या सासूशी बोला. घरातलं काम कोण करणार हे तीच ठरवते.

पगाराबद्दल मी फार कडक आहे. खिंडी बंद झाल्या की पैसा पोचत नाही. उत्तर पाकिस्तानातल्या चित्रालला जाणारी लोवारी खिंड ३,११८ मीटरवर आहे, आणि बोगदा होण्याआधी दर हिवाळ्यात तिने सबंध खोऱ्याचा रस्ता तोडलेला असायचा. अशा खिंडी आजही जागोजागी आहेत. हिवाळ्याचे चार पगार ऑक्टोबर संपायच्या आत गावात पोचलेच पाहिजेत: दोन थेट तिच्या हाती, दोन गावातल्या शाळेच्या समितीकडे, दोघांच्या सह्यांवर. तीन महिने पगार न मिळालेली शिक्षिका शाळा सोडते तेव्हा ती एकटी जात नाही. ‘बाहेरची माणसं फसवतात’ हे वाक्य गावात ठेवून जाते.

ज्यांना दोन वर्षांत निकाल हवेत त्यांनी गिलगिट-बाल्टिस्तानकडे बघावं. तिथे डायमंड ज्युबिली नावाच्या शाळा १९४६ पासून निघू लागल्या, इस्माइली या मुस्लिम पंथाच्या धर्मप्रमुखांचा शिक्षणाला उघड पाठिंबा होता. आज हुंझासारख्या खोऱ्यात त्याच खोऱ्यातल्या बाया शिकवताना दिसतात. मध्ये पिढ्या गेल्या. पहिल्या तुकडीतल्या मुली शिक्षिका होईपर्यंत दहा-बारा वर्षं थांबायची तयारी नसेल, तर हे काम हाती न घेतलेलं बरं.

मौलवीला, पुजाऱ्याला, पंचाला टाळून जाणं

किंवा त्याहून वाईट, त्याच्याशी धर्मग्रंथावरून वाद घालणं. बाहेरच्याने तो वाद जिंकला तरी गावात हरतो. बोलणं व्यवहाराचं ठेवा: वर्ग कुठे भरेल, कोण शिकवेल, किती वाजता सुटेल, कोण तपासायला येईल, परका पुरुष आत येईल का. मुस्लिम खोऱ्यांत मुलं सकाळी मशिदीत कुराण शिकायला जातात. वर्गाची वेळ त्या शिकवणीशी भिडली की पहिल्या दिवसापासून दोन शाळांची स्पर्धा लागते. अर्धा तास पुढे सरका. आणि ठरलेल्या पाच-सहा गोष्टी स्थानिक भाषेत कागदावर लिहून सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवा. वाचता न येणाऱ्या आयांनीही त्या ऐकल्या पाहिजेत. बैठकीत होकार देणाऱ्या पुरुषांची संख्या मोजून कोणी समाधान मानू नये. मुलगी घरी ठेवायची की नाही हा निर्णय चुलीजवळ होतो.

पाचवीला थांबणं

प्राथमिक वर्ग यशस्वी झाला की अहवाल लिहिला जातो आणि माणसं पुढच्या खोऱ्यात जातात. इकडे बारा वर्षांची मुलगी पाचवी पास होऊन घरी बसते. तिच्या धाकट्या बहिणीची आई मग विचारते, शिकून पुढे काय? त्या प्रश्नाला उत्तर नसेल तर पहिलीचा पटही तीन-चार वर्षांत उतरू लागतो. सहावीची सोय तिसरी सुरू असतानाच बघायला लागा.

दोन चुका इथे हमखास होतात. पहिली कागदाची. घरातल्या वर्गाची नोंद जवळच्या सरकारी शाळेच्या पटावर झालेली नसेल तर मुलीकडे दाखलाच नसतो, आणि सहावीचं दार बंद. अफगाणिस्तानातल्या गाव-वर्गांना म्हणूनच जवळच्या मुख्य सरकारी शाळेशी जोडलं जातं. पहिल्या महिन्यात नावं तिथे चढवा, जन्माचा किंवा ओळखीचा कागद नसलेल्या मुलींचे कागद करायला लगेच सुरुवात करा. पाच वर्षांनी करू म्हटलं तर होत नाहीत.

दुसरी चूक वर्गरचनेची. एक शिक्षिका पहिलीची तुकडी घेते आणि तिच्याबरोबर वर जाते, हे छान चालतं. मग दरवर्षी नवी पहिली भरली जाते, आणि तिसऱ्या वर्षी तीच बाई एका खोलीत तीन इयत्ता सांभाळत असते. कोणालाच धड वाचता येत नाही. दुसरी शिक्षिका नसेल तर प्रवेश वर्षाआड घ्या. गावाला ते आवडणार नाही, तरी ठाम राहा. अकरा-बारा वर्षांच्या मुली सहा वर्षांच्या मुलींसोबत बसवू नका. त्यांना एका वर्षात दोन इयत्तांचा अभ्यास झेपतो, त्यांची वेगळी बैठक करा, नाहीतर त्या लाजेनेच सुटतात.

माध्यमिक शाळा लांब असेल तर वसतिगृह लागतं. मोरोक्कोच्या खेड्यांत ‘दार तालिबा’ नावाची मुलींची वसतिगृहं माध्यमिक शाळांजवळ आहेत. हाय ॲटलासमध्ये आस्नीला २००७ मध्ये असंच एक घर सुरू झालं आणि नंतर आणखी निघाली. घर शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर, सांभाळणाऱ्या बाया त्याच भागातल्या. भारतात २००४ पासूनची कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयं सहावी ते आठवीच्या निवासी शाळा म्हणून सुरू झाली आणि २०१८ नंतर बारावीपर्यंत वाढवायची तरतूद झाली.

वसतिगृह नीट चालायला काय लागतं ते थोडक्यात. तीस-चाळीस मुलींपेक्षा मोठं करू नका. गृहमाता मुलींचीच भाषा बोलणारी, आयांना आधी भेटलेली. पहिल्या मुक्कामाला आईला दोन रात्री तिथे राहू द्या: कुठे झोपतात, कडी आतून कशी लागते, रात्री मोरीत जायची वाट कुठली, हे तिने स्वतः बघितलं की गावात जाऊन तीच सांगते. घरी फोनची वेळ ठरलेली, रोज तीच. एक दिवस चुकला तर डोंगरापलीकडे बाप चालायला लागतो. रस्ता असेल तर दर आठवड्याला मुली घरी. आणि मुली पळून जाऊ नयेत म्हणून बाहेरून कुलूप कधीच नाही. आग लागली तर काय, एवढा एकच प्रश्न पुरे आहे.

संडास नंतर बांधू म्हणणं

नंतर म्हणजे कधीच नाही. मुलगी अकरा-बाराची झाली की यावरच शाळा टिकते. कडी आतून, दाराचं तोंड वाटेकडे नको, मुलांच्या संडासापासून लांब, हात धुवायला पाणी. थंडीत नळ फुटतात, म्हणून लडाखमध्ये जसे कोरडे संडास असतात तसे करा: वर बैठक, खाली कोठी, माती आणि राख टाकायची, उन्हाळ्यात खत काढायचं. शाळेसाठी दोन कोठ्या हव्यात, एक भरली की बंद करून दुसरी वापरायला. राखेची बादली कोण भरणार हे नावासकट ठरवा. पाळीच्या दिवसांसाठी झाकणाचा डबा आणि कपडा वाळत घालण्यापुरता आडोशाचा एक कोपरा. पश्चिम नेपाळच्या डोंगराळ जिल्ह्यांत पाळीत मुलीला घराबाहेर गोठ्यात ठेवायची छाउपडी प्रथा २०१७ च्या कायद्याने गुन्हा ठरली, तरी अशा प्रथा कायद्याने एका रात्रीत जात नाहीत. अशा ठिकाणी या विषयावर बोलायला बाईच हवी, तीही त्याच खोऱ्यातली.

बाकीच्या, झटपट

शहराचं वेळापत्रक लादणं. बर्फाळ भागात मोठी सुट्टी डिसेंबरमध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत द्या, आणि जर्दाळू वाळवायच्या, गवत कापायच्या दिवसांत शाळा अर्धा दिवस ठेवा. ते काम मुलींवरच असतं.

पहिल्या दिवसापासून राज्यभाषेतून शिकवणं. उत्तर पाकिस्तानात घरी बाल्टी, शिना, खोवार किंवा वाखी बोलणाऱ्या मुलीला उर्दू ही परकी भाषा आहे. पहिली दोन वर्षं तोंडी काम घरच्या भाषेत करा.

पटावरची नावं मोजून खूश होणं. हजेरी मोजा, तीही न सांगता गेलेल्या दिवशी, सुट्टीनंतरच्या तासाला.

जुन्या पुस्तकांचे गठ्ठे पाठवणं. परक्या भाषेतली, परक्या अभ्यासक्रमाची पुस्तकं खेचरांवर चढवण्यापेक्षा तेवढ्या भाड्यात पाट्या, वह्या आणि फळ्याचा रंग येतो.

मुलींचे फोटो आणि गावाचं नाव सगळीकडे छापणं. हे कधीच करू नका. ऑगस्ट २०१८ मध्ये गिलगिट-बाल्टिस्तानच्या दियामेर जिल्ह्यात एका रात्रीत डझनभर शाळा जाळल्या गेल्या, त्यांतल्या निदान निम्म्या मुलींच्या होत्या. अफगाणिस्तानात सप्टेंबर २०२१ पासून सहावीच्या पुढे मुलींना शाळा बंद आहे. अशा मुलखात चेहरा, नाव, वर्गाची जागा उघड करणं म्हणजे आपल्या अहवालासाठी दुसऱ्याची मुलगी पणाला लावणं. देणगीदाराच्या नावाची पाटीही नको. त्याला हिशोबाचा कागद पाठवा.

पट अचानक गळाला तर

गावाला दोष देण्याआधी हजेरीचा कागद समोर घ्या आणि कोण गेलं ते बघा. गळती कुठल्या आकारात झाली आहे, यावरून कारण कळतं.

एकाच वस्तीतल्या सगळ्या मुली एकाच दिवसापासून नाहीत: वाटेवर काहीतरी झालं आहे. कुत्रं, ओंडका, कोणीतरी केलेली छेड, किंवा दोन घरांतलं नवं भांडण. सोबत नेणाऱ्या बाईला आधी विचारा, मुलींना नंतर.

अकराच्या वरच्याच नाहीत, छोट्या येतात: संडास, आडोसा, वर्गात आलेला नवा पुरुष, किंवा साखरपुड्यांचा हंगाम. साखरपुडा असेल तर सासरच्यांना भेटा. लग्न होईपर्यंत शिकू द्या, इतकी मागणी बऱ्याच घरांत मान्य होते. त्यात दोन-तीन वर्षं मिळतात.

सगळ्या वस्त्यांतून थोड्या थोड्या, महिनोनमहिने: मुली काही शिकत नाहीत आणि आयांना ते कळलं आहे. दुसरीतल्या पाच मुलींकडून एक परिच्छेद वाचून घ्या. पाचपैकी तिघींना येत नसेल तर दोष शिक्षिकेच्या प्रशिक्षणात किंवा तिच्या गैरहजेरीत शोधा. शिष्यवृत्ती वाढवून ही गळती थांबत नाही.

फक्त गरीब घरांतल्या: चपला, वह्या, गणवेश, यांतलं काहीतरी त्यांना परवडलेलं नाही आणि सांगायची लाज वाटते आहे. गणवेशाची सक्ती त्याच दिवशी उठवा.

आणि कोणीच नाही, अगदी एकही नाही: गावात बैठक झाली आहे आणि तुम्हाला बोलावलेलं नाही. त्या दिवशी वर्ग उघडून बसू नका, पोलीस किंवा अधिकारी आणू नका. ज्याच्या घरात वर्ग भरतो त्याच्याकडे एकटे जा, काय ठरलं ते ऐकून घ्या, आणि मागे कागदावर लिहून वाचून दाखवलेली कलमं बरोबर न्या. बहुतेक वेळा त्यांतलं एखादं आपणच मोडलेलं असतं.